कंपास आणि पट्टीने भौमितिक रचना: टोक कुठे, अंतर किती आणि का

नववी-दहावीच्या वह्यांमध्ये रचना बहुतेक वेळा पाठ केलेल्या असतात. इथे टोक ठेवा, इतके अंतर घ्या, वर एक कंस, खाली एक कंस, जोडा. प्रश्नातली अक्षरे बदलली किंवा त्रिकोण उलटा आला की हे पाठांतर अडते, कारण तो कंस कशासाठी काढला हे कधी विचारलेलेच नसते.

कंपासला एकच काम येते. टोक अ वर ठेवून ५ सेमी अंतराने कंस काढला, तर त्या कंसावरचा प्रत्येक बिंदू अ पासून ५ सेमीवर असतो. ब वरून ७ सेमीने दुसरा कंस काढला आणि दोन्ही छेदले, तर छेदनबिंदू अ पासून ५ आणि ब पासून ७ सेमीवर आहे. दोन्ही अटी तो एकदम पाळतो. पट्टीचे काम त्याहून कमी: दोन बिंदू मिळाले की त्यांतून जाणारी सरळ रेषा. खालची कुठलीही रचना करताना एकच प्रश्न मनात धरा, की मला हवा असलेला बिंदू कशापासून किती अंतरावर आहे? त्याचे उत्तर मिळाले की टोक कुठे ठेवायचे आणि अंतर किती घ्यायचे हे ठरवता येते, पाठ करावे लागत नाही.

## आधी कंपास नीट करा

नव्या-जुन्या कुठल्याही कंपासने पहिल्यांदा ५ सेमी त्रिज्येचे एक पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर बसले नाहीत तर तीनपैकी काहीतरी हलते आहे: बिजागरी, पेन्सिल किंवा सुई. बिजागरीचा स्क्रू पाव ते अर्धा वळसा आवळा. कंपास उघडताना थोडा जोर लागला पाहिजे आणि उघडलेला कंपास उचलून हलवला तरी अंतर बदलता कामा नये. हे जमत नसेल तर तो कंपास बाजूला ठेवा. ढिल्या कंपासने रचना शिकणे म्हणजे आपली चूक कुठली आणि हत्याराची कुठली हे कधीच न कळणे.

कंपासमध्ये पूर्ण लांबीची पेन्सिल घालू नका, ती हाताला अडते आणि वजनाने पाय फाकतो. ६-७ सेमीचा तुकडा पुरतो. कंपास मिटल्यावर पेन्सिलीचे टोक सुईपेक्षा साधारण १ मिमी मागे असावे, कारण सुई तेवढी कागदात रुतते. शिसे शक्यतो २एच घ्या. एचबी मऊ असते, चार कंसांत बोथट होते आणि रेघ जाड पडते. टोक गोल करण्याऐवजी बारीक काचपेपरवर एका बाजूने घासून छिन्नीसारखे चपटे करा आणि त्याची धार कंसाच्या दिशेत येईल अशी पेन्सिल बसवा. चपटी धार गोल टोकापेक्षा बराच वेळ बारीक रेघ देते.

कागदाखाली चार-पाच कोरे कागद किंवा वही ठेवा. सनमायकाच्या टेबलावर एकच कागद ठेवला तर सुईला पकड मिळत नाही आणि ती घसरते. याउलट, एकाच केंद्रावर दहा वेळा जोर देऊन टोक रोवले की भोक मोठे होते आणि केंद्रच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होते. सुई अलगद टेकवायची, जोर पेन्सिलीच्याही बाजूला द्यायचा नाही. वरची मूठ अंगठा आणि तर्जनीत धरून, कंपास ज्या दिशेने फिरतो आहे त्या दिशेला किंचित झुकवून, एका दमात कंस ओढा. हात अडला तर कागद फिरवा.

पट्टी सरळ आहे का हे पाहायची साधी रीत: दोन बिंदूंतून रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच बिंदूंना तीच कड लावा, पुन्हा ओढा. मध्ये दोन रेघांत फट दिसली तर कड वाकडी आहे.

मापाच्या बाबतीत एक सवय लावून घ्या. पट्टीचे शून्याकडचे टोक बऱ्याचदा झिजलेले असते, म्हणून ५ सेमी घ्यायचे असेल तर सुई १ च्या खुणेवर आणि पेन्सिल ६ च्या खुणेवर ठेवा. ही सवय लागताना एक सेमी कमी-जास्त घेतले जाण्याची चूक हमखास होते. काढलेला रेषाखंड लगेच मोजून पाहा. पट्टीवरच्या खुणा फक्त दिलेले माप उतरवण्यासाठी आहेत. मध्य मोजून खूण करणे किंवा कोनमापक लावणे रचनेत बसत नाही; ते शेवटी पडताळ्यासाठी वापरा.

## पहिला त्रिकोण

युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथातली पहिलीच रचना समभुज त्रिकोणाची आहे, आणि शिकायला सुरुवातही तिथूनच करावी. रेख अब ६ सेमी काढा. तेवढेच अंतर कंपासमध्ये घ्या. अ वरून एक कंस, ब वरून एक कंस. छेदनबिंदू क. अब, बक, कअ तिन्ही ६ सेमी. यात ६०° चा कोन फुकट मिळतो, आणि ३०°, १५°, ९०°, १२०° हे सगळे पुढे त्याच्याच पोटातून येतात.

हीच रचना एकाच वर्तुळावर सहा वेळा केली की सुसम षटकोन होतो. वर्तुळाची त्रिज्या न बदलता परिघावर एकामागोमाग एक खुणा करत जा; सहावी खूण पहिल्या बिंदूवर यायला हवी. ती १ मिमी चुकली तर प्रत्येक पावलात साधारण एक-षष्ठांश मिलिमीटरची चूक आहे, म्हणजे अंतर किंचित सरकले आहे. कंपास आणि हात तपासायला याहून चांगली चाचणी नाही. प्रत्येक खुणेवर टोक ठेवून वर्तुळाच्या आत पूर्ण कंस काढलेत तर सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. ते बहुतेक मुले कंपास हातात आल्याच्या दिवशीच काढतात, पण पाकळ्या केंद्रात एकाच बिंदूला मिळतात का हे बारकाईने पाहत नाहीत. ते पाहा.

## लंबदुभाजक

या एका रचनेवर अर्ध्या रचना उभ्या आहेत, म्हणून इथे थांबून वेळ द्या.

रेख अब ८ सेमी. आपल्याला अ आणि ब यांपासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू हवेत. असे दोन बिंदू मिळाले की त्यांतून जाणारी रेषा अब ला मध्यावर काटकोनात छेदते.

१. कंपासमध्ये अब च्या निम्म्याहून जास्त अंतर घ्या.
२. अ वरून रेषाखंडाच्या वर आणि खाली कंस काढा.
३. अंतर न बदलता ब वरून वर आणि खाली कंस काढा.
४. दोन्ही छेदनबिंदू प आणि र पट्टीने जोडा. ही रेषा अब ला जिथे छेदते तो मध्यबिंदू म.

'निम्म्याहून जास्त' एवढे सगळीकडे लिहिलेले असते, पण किती जास्त? ४ सेमीपेक्षा कमी घेतले तर कंस भेटणारच नाहीत. ४.१ सेमी घेतले तर ते भेटतात, पण प आणि र यांच्यात जेमतेम १.८ सेमी अंतर उरते. इतक्या जवळच्या दोन बिंदूंतून काढलेली रेषा लांब वाढवली की पट्टीचा बारीक कल टोकाला मोठा होतो. आता १६ सेमी घ्या, अर्थात तेवढा कंपास उघडत असेल तर. बिंदू दूर जातात, पण कंस जवळजवळ आडवे होऊन एकमेकांना तिरके घासतात, आणि नेमका छेदनबिंदू डावीकडे की उजवीकडे हे जाड रेघेत हरवते. कंस एकमेकांना काटकोनात छेदावेत यासाठी अंतर रेषाखंडाच्या ०.७ पट घ्यावे लागते. ८ सेमीला ५.६ सेमी. मोजत बसू नका, डोळ्याने दोन-तृतीयांशाहून थोडे जास्त घ्या.

चूक कुठे झाली हे आकृतीच सांगते. रेषा अब ला काटकोनात आहे पण मध्यातून जात नाही, तर अ वरून ब वर जाताना कंपास सरकला. दोन वर्तुळांच्या त्रिज्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्या छेदनबिंदूंना जोडणारी रेषा केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला लंबच राहते, फक्त बाजूला सरकते. रेषा मध्याजवळून जाते पण तिरकी आहे, तर वरच्या आणि खालच्या कंसांच्या मध्ये कुठेतरी अंतर बदलले किंवा पट्टी बिंदूवर नीट बसली नव्हती. पट्टी लावताना पेन्सिलीचे टोक आधी बिंदूवर टेकवा, मग पट्टी त्याला भिडवा. पेन्सिलीच्या जाडीइतकी जागा आपोआप सुटते.

## लंब: रेषेवरून, बाहेरून, टोकावरून

रेषेवरच्या बिंदू न मधून लंब हवा असेल तर न वरून दोन्ही बाजूंना सारखे कंस घेऊन रेषेवर अ आणि ब मिळवा. आता न हा अब चा मध्य आहे, त्यामुळे लंबदुभाजकाचा एकच वरचा छेदनबिंदू पुरतो. बाहेरच्या बिंदू प मधून लंब टाकायचा असेल तर प वरून एवढा मोठा कंस घ्या की तो रेषेला दोन ठिकाणी छेदेल. ते अ, ब. मग अ आणि ब वरून, प च्या विरुद्ध बाजूला, सारखे कंस. छेदनबिंदू र. पर जोडा. प च्याच बाजूला छेद घेतला तरी चालते, पण तो प च्या जवळ पडला तर रेषेचा नेम चुकतो.

खरी अडचण रेषाखंडाच्या टोकावर, कागदाच्या कडेशी येते. रेषा वाढवायला जागाच नसते. तिथे अर्धवर्तुळातला कोन कामी येतो. टोक ब आहे असे धरा. रेषेच्या बाहेर, ब पासून ४-५ सेमीवर, कुठलाही बिंदू म घ्या. म केंद्र आणि मब त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा, ते रेषेला पुन्हा ड मध्ये छेदेल. ड पासून म मधून रेषा ओढून वर्तुळाला पलीकडे फ मध्ये भेटवा. बफ जोडा. डफ व्यास आहे, म्हणून ब चा कोन ९०°. म हा ब च्या जवळजवळ डोक्यावर घेतला तर वर्तुळ रेषेला घासून जाते आणि ड पुसट होतो, म्हणून म थोडा आतल्या बाजूला, रेषेशी ४५° च्या आसपास घ्या.

## कोन दुभागणे, कोन उतरवणे

कोनाच्या शिरोबिंदूवरून एक कंस काढून दोन्ही भुजांवर बिंदू घ्या. त्या दोन बिंदूंवरून सारखे कंस, छेदनबिंदू शिरोबिंदूला जोडा. रचना सोपी आहे, पण छेदनबिंदू शिरोबिंदूपासून लांब पडू द्या. तो २ सेमीवर पडला आणि दुभाजक १२ सेमी लांब हवा असेल, तर बिंदूतली ०.३ मिमी चूक टोकाला जवळजवळ २ मिमी होते. कंस पाठीमागे, म्हणजे शिरोबिंदूच्या दिशेने छेदले तर हेच होते.

कोन जसाच्या तसा दुसरीकडे उतरवायचा असेल तर मूळ कोनावर एक कंस, नव्या किरणावर तेवढ्याच त्रिज्येचा कंस. मग मूळ कंसाच्या दोन छेदनबिंदूंमधले सरळ अंतर कंपासमध्ये घ्या आणि नव्या कंसावर उतरवा. बाबाबा कसोटीने (तिन्ही बाजू सारख्या) दोन त्रिकोण एकरूप, म्हणून कोनही एकरूप. पहिला कंस मोठा घ्या. ४ सेमी त्रिज्येवर अर्धा मिलिमीटर चुकला तर कोन सुमारे ०.७° चुकतो, ८ सेमीवर तीच चूक निम्मी होते.

समांतर रेषा म्हणजे संगत कोन उतरवणेच. पण बाहेरच्या बिंदू प मधून समांतर रेषा काढायला एक छोटी वाट आहे. प वरून रेषेला अ मध्ये छेदणारा कंस घ्या. तेच अंतर ठेवून अ वरून रेषेवर ब मिळवा. तेच अंतर ठेवून ब वरून एक कंस काढा. त्याने प वरच्या पहिल्या कंसाला जिथे छेदले तो ड (दुसरा छेद अ वरच येतो, तो सोडा). पअबड हा समभुज चौकोन झाला, म्हणजे पड समांतर अब. कंपास एकदाच उघडला, एकदाही बदलला नाही, म्हणून ही रीत कोन उतरवण्यापेक्षा जास्त अचूक बसते.

बाकीचे कोन जोडून-दुभागून मिळतात. ७५° म्हणजे ६०° आणि ९०° च्या मधला दुभाजक, १०५° म्हणजे ९०° आणि १२०° च्या मधला, १३५° म्हणजे ९०° आणि १८०° च्या मधला. ९०° काढताना ६० आणि १२० च्या खुणा कंसावर आधीच पडलेल्या असतात, त्या पुसू नका; ७५ आणि १०५ ला त्याच लागतात.

## एक त्रिकोण, पूर्ण

उदाहरण असे: त्रिकोण अबक मध्ये बक = ८ सेमी, कोन ब = ६०°, अब + अक = १२ सेमी. दोन बाजूंची फक्त बेरीज दिलेली आहे आणि इथेच विद्यार्थी अडखळतात.

आधी कच्ची आकृती काढा. त्रिकोण काढून बाजू बअ अ च्या पुढे वाढवा आणि वाढीव भाग अड हा अक एवढा घ्या. आता बड = १२ सेमी, जी बेरीज आपल्याला माहीत आहे. आणि अ हा ड आणि क यांपासून सारख्या अंतरावर आहे. सारखे अंतर म्हणजे लंबदुभाजक. रचना संपल्यातच जमा.

१. रेख बक = ८ सेमी.
२. ब पाशी ६०° चा किरण.
३. त्या किरणावर ब पासून १२ सेमीवर ड. शाळेच्या कंपासला १२ सेमी उघडायला लावले तर पाय फार फाकतात, सुई तिरपी होते. ६ सेमी घेऊन दोन पावले टाका.
४. डक जोडा आणि त्याचा लंबदुभाजक काढा.
५. लंबदुभाजक बड ला जिथे छेदतो तो अ. अक जोडा.

पट्टीने मोजा: अब ५ सेमी आणि अक ७ सेमी यायला हवे. १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बहुधा ६०° च्या कोनात चूक आहे. नेहमीची चूक म्हणजे लंबदुभाजक बड चा काढणे. तो किरणाच्या मध्यातून जातो आणि बक शी त्याचा काही संबंध राहत नाही.

हाच ५-७-८ चा त्रिकोण ठेवून परिवर्तुळ काढा. परिकेंद्र तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर, म्हणजे बाजूंचे लंबदुभाजक. दोन पुरतात, तिसरा काढायचा तो चूक पकडायला. तीन रेषांच्या मध्ये बारीक त्रिकोण उरला तर त्याचा आकार म्हणजे तुमच्या हाताच्या चुकीचा आकार. त्रिज्या सुमारे ४.०४ सेमी यायला हवी. विशालकोन त्रिकोणात परिकेंद्र त्रिकोणाबाहेर पडते. तिथे 'काहीतरी चुकले' म्हणून खोडणारे पुष्कळ असतात, ते बरोबरच असते.

अंतर्वर्तुळाला बाजूंपासून सारखे अंतर हवे, म्हणून कोनदुभाजक. पण अंतर्मध्य मिळाल्यावर त्रिज्या कुठली? बहुतेक जण दुभाजक समोरच्या बाजूला जिथे छेदतो तिथपर्यंत अंतर घेतात आणि वर्तुळ बाजूच्या बाहेर जाते. अंतर्मध्यातून बाजूवर लंब टाका. लंबपाद ते अंतर्मध्य ही त्रिज्या. या त्रिकोणात ती सुमारे १.७३ सेमी आहे.

## रेषाखंडाचे सात भाग

१० सेमी रेषाखंडाचे ७ समान भाग पट्टीने होत नाहीत. एक भाग १.४२८… सेमी येतो. अ वरून ४०-५०° चा किरण काढा. ब वरून विरुद्ध बाजूला तेवढाच कोन उतरवून दुसरा किरण काढा, तो पहिल्याला समांतर होतो. कंपासमध्ये अंदाजे दीड सेमी घ्या आणि दोन्ही किरणांवर सहा-सहा पावले टाका. आता अ कडचा पहिला बिंदू ब कडच्या सहाव्याला जोडा, दुसरा पाचव्याला, तिसरा चौथ्याला, असे सहाव्याला पहिल्यापर्यंत. या सहा रेषा अब चे सात समान भाग करतात. एकाच किरणावर सात पावले टाकून सहा समांतर रेषा वेगवेगळ्या काढण्यापेक्षा यात कंपासचे काम खूप वाचते. पावलाचे नेमके माप कितीही चालते, फक्त मध्येच बदलता कामा नये. फार लहान पाऊल, ३-४ मिमीचे, घेऊ नका. सुईच्या भोकाची चूक पावलाच्या मानाने मोठी होते.

समरूप त्रिकोण काढताना ५ : ३ असे गुणोत्तर येते, तेही हेच. मोठ्या संख्येइतकी पावले आणि मग संगत बिंदूतून समांतर रेषा.

## स्पर्शिका

त्रिज्या ३ सेमी, केंद्र म, बाहेरचा बिंदू प, मप = ५ सेमी. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोनात असतात. काटकोन म्हणजे अर्धवर्तुळ. म्हणून मप व्यास मानून वर्तुळ काढा: मप चा लंबदुभाजक, मध्यबिंदू, २.५ सेमी त्रिज्या. मूळ वर्तुळाला ते जिथे दोन ठिकाणी छेदते ते स्पर्शबिंदू. स्पर्शिकाखंड मोजा, ४ सेमी भरला पाहिजे (३-४-५). पट्टी डोळ्याने वर्तुळाला टेकवून काढलेली स्पर्शिका दिसायला जवळपास तशीच असते, पण ती रचना नव्हे, आणि स्पर्शबिंदू १-२ मिमी कुठेही पडू शकतो.

केंद्र न वापरता वर्तुळावरच्या बिंदू अ मधून स्पर्शिका हवी असेल तर वर्तुळात त्रिकोण अबक काढा आणि कोन क हा अ पाशी उतरवा, जीवा अब च्या क विरुद्ध बाजूला. क च्या बाजूला उतरवला की रेषा वर्तुळाच्या आत शिरते. आकृती पाहताच हे कळते. उत्तरपत्रिकेत रचनेचे कंस खोडू नका, तपासणाऱ्याला पायऱ्या त्यांच्यावरूनच दिसतात.

## पंचकोन, आणि जे होत नाही

५ सेमी त्रिज्येच्या वर्तुळात केंद्र म मधून परस्परांना लंब दोन व्यास काढा: आडवा अब, उभा कड. मब चा मध्यबिंदू न. टोक न वर, अंतर नक घेऊन कंस काढा, तो मअ ला प मध्ये छेदतो. कप ही पंचकोनाची बाजू, सुमारे ५.८८ सेमी. घाईत मप हे अंतर घेतले जाते, ते ३.०९ सेमी असते आणि ती दशकोनाची बाजू आहे, त्यामुळे पाच पावलांत फक्त अर्धे वर्तुळ पूर्ण होते. पाचही पावले एकाच दिशेने टाकू नका. क पासून दोन डावीकडे, दोन उजवीकडे टाका आणि उरलेली पाचवी बाजू मोजून पडताळा घ्या.

सुसम सप्तकोन मात्र कंपास-पट्टीने होत नाही. १७ बाजूंचा सुसम बहुभुज होतो, हे १७९६ मध्ये गाउसने वयाच्या १८ व्या वर्षी दाखवले. प्रत्येक कोनाला लागू पडेल अशी तीन समान भाग करण्याची रीत नाही, हे फ्रेंच गणिती वॉन्त्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. ९०° चे तीन भाग होतात कारण ३०° आपल्या हाताशी आहे. ६०° चे होत नाहीत, कारण २०° चा कोन या दोन हत्यारांनी मिळतच नाही. तीन भाग करण्याच्या ज्या रिती फिरत असतात त्या अंदाजाने जवळ जातात, किंवा पट्टीवर खूण करून ती सरकवतात. दोन्ही या खेळाच्या नियमाबाहेर आहेत. प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका.

## अंगणात, दोरीने

कंपासच्या जागी दोरी आणि दोन खुंट्या घेतल्या की हीच रचना जमिनीवर उतरते. शुल्ब म्हणजे दोरी. शुल्बसूत्रांमध्ये, म्हणजे वेदी आखण्याच्या प्राचीन संस्कृत ग्रंथांमध्ये, यज्ञवेदीचे चौरस दोरी-खुंटीनेच आखायला सांगितले आहेत. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणते आणि त्रिज्या बदलते. सुताची जाड दोरी किंवा पोलादी टेप घ्या.

घराचा पाया आखताना गवंडी ३-४-५ ने काटकोन घेतात: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरके ५ फूट भरले की कोपरा गुण्यात. पण ३-४-५ फुटांत तिरक्या मापात अर्धा इंच चुकला तर कोन १° ने जातो आणि ३० फुटांच्या भिंतीला टोकाशी सहा इंचांहून जास्त फरक पडतो. ६-८-१० फूट घेतले तर तीच अर्ध्या इंचाची चूक निम्मी होते. जागा असेल तर ९-१२-१५ घ्या. चारी बाजू आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. २० बाय ३० फुटांच्या आयताचे दोन्ही कर्ण ३६ फूट आणि सुमारे पाऊण इंच भरायला हवेत. फक्की त्यानंतर मारा.

पूर्व-पश्चिम दिशा ठरवायची असेल तर सपाट जमिनीत ओळंब्यात एक सरळ काठी उभी करा. कात्यायन शुल्बसूत्रात काठीच्या उंचीएवढी दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ काढायला सांगितले आहे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते तिथे खुंटी, दुपारनंतर ते बाहेर पडते तिथे दुसरी खुंटी. दोन्ही जोडणारी रेषा पश्चिम-पूर्व. डिसेंबरात नागपूरकडे भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५° वर येतो, सावली काठीएवढीच राहते आणि टोक वर्तुळात शिरल्यासारखे दिसतच नाही. तेव्हा दोरी काठीच्या दीडपट घ्या. मग दोन्ही खुंट्यांवरून सारख्या दोरीने दोन्ही बाजूंना कंस मारून लंबदुभाजक काढा. तो उत्तर-दक्षिण जातो, आणि काठीच्या पायातून गेला नाही तर सकाळ-दुपारच्या खुणांपैकी एक चुकली आहे किंवा काठी ओळंब्यात नाही.